नितीनला काढलं तो हिवाळा

दिवाळी सरली की सौंसरच्या हवेत संत्र्याच्या सालीचा वास उतरतो. बगीच्यांमध्ये तोडा सुरू होतो. शिड्या घेतलेल्या मजुरांच्या टोळ्या सकाळी छोट्या ट्रकांत दाटीनं उभ्या राहून जाताना दिसतात. मंडीच्या रस्त्यावर चाकांखाली चेंगरलेली संत्री दुपारच्या उन्हात वाळत पडतात आणि तो आंबटगोड, जरासा कडू वास माझ्या पदराला, शाळेतून तपासायला आणलेल्या वह्यांना, अगदी उशीच्या अभ्र्यालाही लागून राहतो. लहानपणापासून मला हा वास सुगीचा वाटत आला. गेली काही वर्षं मात्र तो आला की फुटबॉल आठवतो, आणि जीव नकोसा होतो.

आमच्याकडे वर्षभर क्रिकेट चालतं, पण दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस फुटबॉलचे. कुणी सुरू केलं, कधी केलं, कुणाला सांगता येत नाही. लाउडस्पीकरवरची कॉमेंट्री हिंदीत असते आणि मैदानाभोवतीच्या शिव्या मराठीत. राज्याच्या सीमेवरचं गाव, त्यामुळे आमचं सगळंच असं दोन भाषांत वाटलेलं आहे. कागदपत्रं एका भाषेत, राग दुसऱ्या भाषेत.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. डाव्या कानानं कमी ऐकतात, आणि आयुष्यात त्यांनी एकदाही फुटबॉलला पाय लावलेला नाही. तरी सौंसरच्या संघाबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची खात्री. बसस्टँडजवळ गुलाबभाऊंची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर त्यांची संध्याकाळची बैठक असते. मी शाळेतून येताना त्यांना घरी न्यायला थांबायची आणि वाद रंगला असला की मीही अर्धा कप चहा घेऊन टेकायची. पुरुषांच्या त्या घोळक्यात एक मास्तरीण बसलेली कुणाला खटकली नाही. त्यांना ऐकणारं माणूस हवं होतं.

तो हिवाळा जास्त तापला, त्याला कारण होतं. छिंदवाड्यातून आमचे तालुके वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर त्यात तालुकाच राहिलं. कचेऱ्या तिकडे, मोठे साहेब तिकडे, कामाला जायचं तेही तिकडेच. सौंसरच्या माणसाला ते लागलं होतं. त्यात पांढुर्ण्याच्या स्पर्धेत आमचा संघ दरवर्षी पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत मार खाऊन परत यायचा. "जिल्हा गेला तर गेला, एक कप तरी आणा बाप्पा," असं गुलाबभाऊ चहा गाळता गाळता म्हणायचे, आणि हसणाऱ्यांच्याही ते मनातलं असायचं.

त्या वर्षी संघाचे कोच होते दिवाकर सर. आमच्याच शाळेत खेळाचे शिक्षक, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात रंग उडालेल्या दोरीची शिट्टी. तरुणपणी नागपूरला खेळले होते, पण त्याबद्दल स्वतःहून कधी बोलायचे नाहीत. संघाची जबाबदारी त्यांच्याकडे कुणी सोपवली नव्हती. रिकाम्या मैदानावर पोरं उगाच चेंडू बडवताना पाहवेनात, म्हणून एका संध्याकाळी ते आत उतरले आणि मग रोज उतरत राहिले.

त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पाच जण मागं उभे केले, चार मधे, आणि पुढं एकटा नितीन.

नितीन बोरगावचा. संत्र्याच्या टोळीत तोड्याला जाणारा. शिडीच्या टोकावर उभं राहून एका हातानं फांदी वाकवायची आणि दुसऱ्या हातानं देठाशी पिळून फळ काढायचं, हे त्याचं काम, आणि त्यात तो इतका चपळ की ठेकेदार त्याला दुसऱ्या टोळीत जाऊ देत नसे. मैदानावर चेंडू वरून आला की तो तसाच उडायचा, जणू पायाखाली अजून शिडी आहे. त्याची बायको वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, आठवीत मी तिला शिकवलेलं. मॅचला यायची तेव्हा पोराला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभी राहायची आणि नितीनच्या पायात चेंडू आला की डोळे मिटून घ्यायची.

"असं का गं?" मी एकदा विचारलं.

"पाहवत नाही, मॅडम," ती म्हणाली. मला ते कौतुक वाटलं होतं.

मोसम सुरू झाला आणि आम्ही जिंकू लागलो. मोहगावला एका गोलनं, मग आणखी कुणाला एका गोलनं. नितीन एक मारायचा आणि उरलेले सगळे तो जपत बसायचे. टपरीवर मात्र समाधान नव्हतं. बाबा बाकावर गुलाबभाऊंच्या टोपलीतली संत्री मांडून संघ उभा करायचे.

"हे पाह्य, पाच मागं. पाच! संघ आहे का वावराचं कुंपण?"

"पण जिंकून राहिले ना, काका," गुलाबभाऊ म्हणायचे.

"जिंकून राहिले, मान्य. पण कसे? एक गोल मारायचा आन् घरात शिरून कडी लावून घ्यायची. याले खेळ म्हणते का?"

"कडी नाही लावली तर चोर येते."

 बाबांनी डाव्या कोपऱ्यातलं संत्रं उचललं, सोललं, आणि एक फोड तोंडात टाकत म्हणाले, "हा घे, लेफ्ट बॅक खाऊन टाकला. सांग, काय फरक पडला?"

सगळे हसले. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या हिवाळ्यात आम्ही किती हसलो, याचं आता नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते दिवाकर सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. खडू दोन बोटांत फिरवत म्हणाले, "मॅडम, काकांचं चुकत नाही. पण आपली पोरं दिवसभर शेतात, दुकानात राबून संध्याकाळी खेळायला येतात. धावायला पायांत उरतंच किती? म्हणून मागं उभं करतो. पुढं धावायला एक नितीन आहे, तो धावतो सगळ्यांच्या वाटचं."

बघता बघता आम्ही पांढुर्ण्याच्या स्पर्धेत फायनलला पोचलो. मग बाबांनी सूर बदलला. पाच मागं ठेवायची कल्पना मुळात आपलीच, असं ते लोकांना सांगू लागले. दिवाकर सर बसस्टँडवरून जायला लागले की गुलाबभाऊ टपरीतून हाक मारून चहा पाजायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. ज्या गल्लीत सरांना कधी कुणी बोलावलं नव्हतं, त्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोला निरोप गेला. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते किंचित हसत होते, पण नजर खिडकीबाहेर होती.

फायनलच्या दुपारी निम्मं सौंसर पांढुर्ण्याला गेलं. कुणी बसनं, कुणी टेम्पोत, कुणी मोटरसायकलवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि त्याच्या पलीकडे बगीच्यांतला तो नारिंगी रंग. बाबांनी स्वेटरवर जाकीट चढवलं होतं, ऊन असताना. मैदानाच्या एका कडेला आम्ही, तीन कडांना पांढुर्ण्याचे लोक. पूर्वार्ध संपता संपता कोपऱ्यावरून चेंडू आला, नितीन उडाला, आणि डोक्यानं त्यानं तो असा खाली दाबला की त्यांचा गोलकीपर जागच्या जागी फिरत राहिला. बाबांनी शेजारच्या एका अनोळखी माणसाला मिठी मारली. वैशालीनं डोळे उघडले तेव्हा सगळे नाचत होते आणि तिला कळेना काय झालं.

मध्यंतरानंतर थोडाच खेळ झाला असेल. नितीन एका चेंडूसाठी उडाला, खाली आला, आणि क्षणभर उभा राहिला, माणूस दारात काहीतरी विसरल्यासारखा थांबतो तसा. मग पुन्हा पळू लागला. आम्हाला कुणालाच त्यात काही दिसलं नाही. दिवाकर सर रेषेजवळ उभे होते. त्यांनी हात वर केला आणि नितीनला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी गेला अनिल. तो मागं खेळणारा.

 आमच्या कडेला आरडाओरडा सुरू झाला.

"अबे, काय करून राहिला हा!" बाबा किंचाळले. "दिवाकर! ओ दिवाकर सर! पुढं कोण आहे आता?"

नितीन बाहेर यायला तयार नव्हता. सर दोन पावलं आत गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. नितीननं तो हात झटकला. बाहेर आल्यावर त्यानं अंगातला शर्ट काढून त्यांच्या पायाशी फेकला आणि लोकांनी त्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पुढं काय झालं ते लहान मुलालाही सांगता आलं असतं. आमच्याकडून पुढं कुणीच उरलं नाही म्हटल्यावर त्यांचे मागचेही सगळे वर चढून आले. आमची पोरं आपल्याच गोलसमोर गर्दी करून चेंडू लांब फेकत राहिली, आणि फेकलेला प्रत्येक चेंडू परत येत राहिला. त्यांनी एक गोल केला, शेवटाशी दुसरा. कप तिथंच राहिला. फटाके वाजले, ते बस निघाल्यावरही ऐकू येत होते.

 परतीच्या बसमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "त्यानं पैसे खाल्ले असतील." दुसरा म्हणाला, "भेला थो. डरपोक आहे." तिसऱ्यानं सर राहतात त्या वस्तीचं नाव घेतलं आणि त्या लोकांची हिंमतच तेवढी, असं काहीसं बोलला. तेव्हा बाबा सीटवरून उठले. "ए, खेळाचं बोल. बाकीचं तोंडातून काढशील तर इथंच उतरवीन."  मला बाबांचा अभिमान वाटला. पण खाली बसल्यावर ते खेळाचं बोलले ते पार घरी येईपर्यंत, आणि त्यात सरांना कुठंही सूट नव्हती.

त्यानंतर किती संध्याकाळी त्या एका बदलावर गेल्या! बाकावर संत्री मांडली जायची आणि पुढचं एक उचललं जायचं. बाबांचा मुद्दा असा की नितीन थकला होता तर थकू द्यायचा. तो पुढं नुसता उभा राहिला असता तरी त्यांचे दोन जण त्याच्याजवळ अडकून पडले असते. गुलाबभाऊंचं म्हणणं, काढायचंच होतं तर बदल्यात पुढं खेळणारा घालायचा. पण दुसरा पुढं खेळणारा होताच कोण? मग पुन्हा पहिल्यापासून. तोड्याचे ट्रक जात राहिले आणि वाद तिथंच फिरत राहिला. माणसं कामावरून येऊन त्यात अशी बसायची, जशी शेकोटीशी बसतात.

दिवाकर सरांनी बसस्टँडचा रस्ता सोडला. शाळेत मुलं मागून "डरपोक सर" म्हणून पळायची. त्यांच्या बायकोला पुन्हा कुणाचा निरोप आला नाही. एकदा मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं, "सर, का काढलंत नितीनला?"

त्यांनी डबा बंद केला. "माझा निर्णय होता, मॅडम."

"पण काही कारण असेल ना? सांगा ना लोकांना. निदान बाबांना."

"हरलेल्या माणसानं कारण सांगितलं की ते रडगाणं वाटतं," ते म्हणाले आणि घंटा व्हायच्या आधीच उठून गेले.

नितीन त्यांच्याशी बोलेनासा झाला होता. आपण अजून काय आहोत ते दाखवायला तो मोहगावच्या एका एकदिवसीय स्पर्धेत दुसऱ्याच संघाकडून उतरला. आमचे बरेच जण मुद्दाम पाहायला गेले. बाबाही गेले. तिथं त्यानं पहिला गोल केला तेव्हा लोक दिवाकर सरांचं नाव घेऊन ओरडले म्हणे, की बघा, या माणसाला तुम्ही बाहेर काढलं होतं. मग एका चेंडूसाठी तो उडाला आणि खाली येताना त्याचा गुडघा आतल्या बाजूला वळला. बाबा सांगत होते, आवाज आम्हाला ऐकू आला. डाव्या कानानं कमी ऐकणाऱ्या माझ्या बाबांनाही.

दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेले. वैशाली व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून रडली नाही. "मॅडम, मले ठाऊक होतं हे होणार," ती म्हणाली. "पावसाळ्यातच शिडीवरून पाय घसरला होता ह्यायचा. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आतली नस अर्धी तुटली आहे, अजून एकदा वळला तर संपलं. खेळू नका म्हटलं."

"मग खेळला कसा?"

"ऐकते का थे? सरांना समजलं होतं. थे घरी आले, म्हणाले बसव याले. तर ह्यायनं सरांचे पाय धरले. म्हणाले, सर, कोणाले सांगू नका. ठेकेदाराले समजलं का गुडघा खराब आहे, तर शिडीवर चढू देणार नाही मले, टोळीतून काढून टाकन. मंग सरच म्हणाले, ठीक आहे, मी सांगणार नाही, पण पाय लचकलेला दिसला का त्याच मिनिटाले बाहेर काढीन, तेव्हा काही बोलायचं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "फायनलमधी लचकला, मॅडम. मी डोळे मिटले होते. पण सरांना दिसला."

घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता. एवढे सगळे दिवस तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर गप्प बसून राहिला होता. एक वाक्य बोलला असता तर सारं गाव त्याच्या दारात आलं असतं, आणि नितीनची रोजी गेली असती. म्हणून त्यानं गाव जाऊ दिलं.

सोमवारी शाळेत मी त्यांना नितीनच्या गुडघ्याचं सांगितलं. त्यांच्यापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. कुणी त्यांच्याशी बोलतच नव्हतं, तर पोचणार कशी? ते बाकावर बसले. बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मग मी काय वाचवलं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

 उत्तर त्यांनी माझ्याकडून मागितलं नसावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी दूरची बदली मागून घेतली. निरोपसमारंभ झाला, हार झाला, त्यांच्याविषयी प्राचार्य चांगलं बोलले. फुटबॉलचं कुणी काढलं नाही.

बाबांना मी त्या दवाखान्याच्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. ते ऐकत राहिले. हातातला चहा निवला. वाटलं, आता ते उठतील, चपला घालतील, दिवाकर सरांच्या घरी जातील. तशी त्यांची छाती आहे. बसमध्ये पाहिली होती. ते खरंच उठले, खिडकीपाशी गेले, तिथून परत आले.

"चांगला माणूस," ते म्हणाले. "फार चांगला माणूस, बेटा." आणि मग, "पण नितीनले काढलं तर अनिलले कायले घातलं? एखादं कोणतंही पोरगं पुढं उभं करायचं असतं."

त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी असहाय कळवळ होती. तो बदल त्यांच्या आत अडकून बसला होता आणि कुठल्याही खऱ्या कारणानं तो निघणार नव्हता. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी सगळ्यांना गुडघ्याची हकीकत सांगितली. लोक हळहळले, सरांना देवमाणूस म्हणाले. चहाची दुसरी फेरी येईपर्यंत बाकावर पुन्हा संत्री मांडलेली होती.

संघ त्यानंतर उभा राहिला नाही. एक-दोघांनी खटपट केली, पोरं जमली नाहीत. आता संध्याकाळी मैदानावर मोटरसायकल शिकणारे असतात. पांढुर्ण्याची स्पर्धा दरवर्षी होते. आमच्यातले काही जण मोबाइलवर निकाल पाहतात.

यंदाचा तोडा सुरू झाला तशी मी परवा बहिणीकडे पाठवायला संत्री घ्यायला मंडीत गेले. शेडमध्ये पोत्यावर बायकांच्या रांगेत नितीन बसला होता. उजवा पाय सरळ पसरलेला. आलेल्या मालातलं डागी फळ बाजूला काढायचं काम. शिडीवरच्या माणसाला तिथं खाली बसलेलं पाहणं मला जमत नाही, पण त्यानंच हाक मारली आणि एक कॅरेट पालथं करून मला बसायला दिलं. वैशालीची चौकशी केली, पोराच्या शाळेची केली. तो नीट बोलत होता. वजन वाढलं होतं.

"काका अजून बोलते का त्या मॅचवर?" त्यानं विचारलं.

"बोलतात."

"काय म्हणते?"

"तेच. तू नुसता उभा राहिला असतास तरी त्यांचे दोघं तुझ्यापाशी अडकले असते."

नितीननं मान हलवली. हातातलं फळ फिरवून पाहिलं, चांगलं होतं, कॅरेटमध्ये ठेवलं. "बरोबर म्हणते काका. सर लय चांगले होते, मॅडम, पण त्यायचं चुकलं."

"नितीन, त्यांनी तुझ्या पायासाठी—"

"पाय तर गेलाच ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. "जायचाच होता थो. मोहगावात गेला, कोणाच्या तरी दुसऱ्याच संघासाठी. त्या दिवशी गेला असता तर कप तरी आला असता. लोकांनी बसस्टँडपासून खांद्यावर आणलं असतं मले. मंग बसलो असतो इथं. काही वाटलं नसतं."

तेवढ्यात कुणीतरी त्याला ट्रकपाशी बोलावलं. त्यानं दोन्ही हात जमिनीवर टेकले, पाय ओढून घेतला आणि शेजारच्या बाईच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

मी संत्री घेऊन घरी आले. बाबा ओसरीवर बसले होते. मंडीत कोण भेटलं, त्यांनी विचारलं. कुणी नाही, मी म्हटलं. नितीन काय म्हणाला ते त्यांना सांगितलं नाही. ऐकून ते खूश झाले असते.